कापलेला समास

सोमवार, ४ मार्च

ही वही माझी मीच बांधली. मोठ्या कोर्टाच्या तळघरात आमची बाइंडिंगची खोली आहे. तिथं एका बाजूनं कोरे राहिलेले कागद पुष्कळ पडतात. खोलीच्या साहेबांना विचारून घेतले, शिवण घातली, दोन टाके जास्तच मारले, पाठीला निळं कापड लावलं. आता वही झालीच आहे तर लिहावंही, असं वाटलं. नाल सापडला म्हणून घोडा घ्यावा, त्यातला प्रकार.

शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण त्या तळघरात झालं. बाड बांधण्याआधी पानांचा क्रम तपासावा लागतो. एका पानाची शेवटची ओळ वाचायची, पुढच्या पानाची पहिली वाचायची, सांधा जुळला की पान उलटायचं. अशा रीतीनं एकेचाळीस वर्षांत या देशाचे सगळे मोठे निकाल मी वाचलेत, पण फक्त वळणावरचे. मधला रस्ता वकिलांना ठाऊक. साठीला नोकरी संपली, तरी ‘तुमच्यासारखा टाका कुणाला येत नाही’ म्हणून ठेक्यावर ठेवून घेतलं. वरपासून खालपर्यंत सगळे मला खळकाका म्हणतात, कारण माझ्या हाताला खळीचा वास कायमचाच.

आज लिहायला बसलो, कारण सूनबाईचा अर्ज मोठ्या कोर्टानं दाखल करून घेतला.

सूनबाई दोन वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर बसवून नदीपलीकडून आणलं. नदीच्या मधोमध देशाची हद्द आहे, ती पाण्यावर दिसत नाही. तीस वर्षं कुणी तिला काही विचारलं नाही. मागच्या वर्षी नागरिकत्व कार्यालयाचं पत्र आलं, की इथले असल्याचा कागद दाखवा. ज्या कचेरीत तिच्या वडिलांनी नोंद केली होती, तिचं दप्तर पुरात वाहून गेलं. खालच्या दोन्ही कोर्टांनी सांगितलं, कागद नाही तर हक्क नाही. आता मोठं कोर्ट नाही म्हणालं तर तिला पलीकडे धाडणार. पलीकडे तिच्या ओळखीचं काळं कुत्रंही नाही. माझा लेक इथला, सहा वर्षांची नात ठकी इथली, आणि मधली आई तेवढी परकी!

घरी येऊन बातमी दिली. आमची ही म्हणाली, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.”

म्हटलं, “मी कुठं चढतो? मी एकेचाळीस वर्षं रोज उतरतो. तळघरात आहे मी.”

सूनबाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी म्हटलं, “हे बघ पोरी, खालची कोर्टं म्हणजे पाणी गढूळ. वर गेलं की निवळतं. तिथं पोचलीस, म्हणजे सुटलीस.”

मंगळवार, १२ मार्च

आजच्या यादीत आपला नंबर सत्तेचाळीस होता. एकतिसाव्यावर न्यायाधीश साहेब उठले. पुढच्या मंगळवारी.

वकीलबाई तरुण आहेत, आपल्या पैशानं झेरॉक्स काढतात. त्या म्हणाल्या, “काका, असं चालायचंच.” मी म्हटलं, “बाई, मला नका सांगू. ताटकळणं म्हणजे काय ते मी बाडांच्या जाडीवरून ओळखतो.”

बुधवार, १३ मार्च

जिन्यापाशी एक म्हातारा गाठोडं घेऊन बसला होता. म्हणाला, “इथं न्याय मिळतो ना हो?” दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. मी नेहमीचंच सांगितलं, “इथवर आलात ना, मग झालं.” त्याचा चेहरा उजळला. लोकांना चार शब्द लागतात, दुसरं काय.

मंगळवार, १९ मार्च

आज नंबर बावीस. वाटलं, लागणार. पण वर दोन बड्या कंपन्यांचं भांडण निघालं, दिवस त्यातच गेला.

मी जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन मागच्या बाकावर बसलो होतो. साहेबांना एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. त्यांची ओळख मला कागदातून जुनी आहे. त्यांच्या पुढून आलेल्या फायलींच्या समासात शाईनं काढलेली बारीक चित्रं असतात. कधी किटली, कधी होडी, कधी पाखरू. हात फार सुरेख. ऐकताना मन एकाग्र व्हावं म्हणून काढत असतील. मोठ्या माणसांची तऱ्हा असते. कडा कापताना मी ती चित्रं नेहमी वाचवतो, कापायला जिवावर येतं.

पुकारा करणारा माझा जुना दोस्त. त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो बाहेर येऊन म्हणाला, “खळकाका, तुमच्या सुनेची केस म्हणून मी तोंडात नाव घोळवून ठेवलंय. पुकारलं की तीन मजले हलतील.”

“मजले नको हलवूस. एक माणूस हलू नये एवढंच बघ.”

रविवार, २४ मार्च

आज घरात वाजलं.

सूनबाईला दर शुक्रवारी नागरिकत्व कार्यालयात जाऊन सही करावी लागते. तिथं हजेरीला गेलेली दोन माणसं परत आली नाहीत, असं तिच्या शर्टांच्या कारखान्यात बायका बोलत होत्या. ती तिथं काजं करते, दिवसाला दीड-दोनशे. तिची मोठी बहीण डोंगराकडे राहते. तिचा निरोप आला, ‘पोरीला घेऊन इकडे ये. इथं कोण बघायला येतंय. निकाल लागला की जा परत.’

लेकाचं मन झालं होतं. बस डेपोत गाड्या दुरुस्त करणारा माणूस तो, बोलतो कमी. एवढंच म्हणाला, “बाबा, महिनाभर जाऊ द्या तिला.”

मी भडकलो. “पळतो तो चोर. आपण कोर्टात उभे आहोत. आज हजेरी चुकवली तर उद्या साहेब विचारतील, बाई कुठं आहे? काय सांगू, डोंगरात लपलीय? एकेचाळीस वर्षं त्या घराचं मीठ खाल्लंय मी.”

आमची ही भांडी विसळत होती. मागं न बघता म्हणाली, “मीठ तुम्ही खाल्लंत. खारट कुणाला लागतंय ते बघा.”

सूनबाई काज करता करता दोऱ्याला मेण लावत होती. मेणाचा खडा माझाच, बाइंडिंगचा. तिनं मागून नेला होता, आणि तिच्या अंगठ्याची खाच त्याला पडलीय. ती म्हणाली, “मामंजी म्हणतात तर राहते. त्यांनी आतून बघितलंय.”

जिंकलो तरी जेवण गेलं नाही.

मंगळवार, २ एप्रिल

लागली! आज लागली!

नंबर नऊ. भोंग्यानं नाव पुकारलं तेव्हा मी बाकावरून अर्धा उठलोच. सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील, पण मी शब्दन् शब्द लिहून ठेवतो.

वकीलबाई म्हणाल्या, “साहेब, निकाल लागेपर्यंत अर्जदाराला देशाबाहेर पाठवू नये, एवढा हुकूम द्यावा.” सरकारी वकील उंच, चष्मा कपाळावर. ते हसून म्हणाले, “त्याची गरज नाही. पुढच्या तारखेपर्यंत आम्ही काहीही करणार नाही. शब्द देतो.”

वकीलबाई म्हणाल्या, “मग हे हुकुमात नोंदवावं.”

साहेब म्हणाले, “बाई, सरकारी वकिलांनी भर कोर्टात शब्द दिलाय. तेवढा तरी विश्वास ठेवा. एकमेकांवर विश्वास नसेल तर ही इमारत उभी कशाला आहे?”

 एकेचाळीस वर्षांत मी पानांच्या वळणावर असलं वाक्य वाचलं नव्हतं. साहेब हे बोलले, मान खाली घातली, आणि पुढ्यातल्या फायलीवर त्यांचं पेन कितीतरी वेळ चालत होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढची तारीख तेवीस एप्रिल.

बाहेर भोंग्यानं मला बाजूला घेतलं. “काका, लेखी घ्यायला हवं होतं. बोललेलं हवेत जातं. मी रोज एवढा ओरडतो, उरतं काय?”

“तुझं ओरडणं आणि साहेबांचं बोलणं यात फरक आहे, गाढवा. ती काळ्या दगडावरची रेघ.”

तो म्हणाला, “असेल बुवा. मी दगडापर्यंत कधी गेलो नाही, माझं दारातच असतं.”

घरी मी सगळ्यांना उभं राहून करून दाखवलं. साहेब, सरकारी वकील, वकीलबाई, तिघांचे आवाज. ठकीनं टाळ्या वाजवल्या. सूनबाईनं बहिणीला कळवलं, की येत नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

आज गंमतच झाली. खाली दुरुस्तीला जी फायलींची चळत आली, त्यात आमचंच बाड! शिवण सुटली होती, कोपरे कुत्रं चावल्यासारखे.

मी ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. मग स्वतःलाच म्हटलं, घरचं बाड आहे, वाचायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, खळकाका सुनेची फाईल चाळत होता. पानांचे नुसते आकडे पाहिले, ओळीला डोळा लावला नाही. या खोलीत सांधा न वाचता मी बांधलेलं हे पहिलंच बाड.

पण बांधलं असं, की बघत राहावं. जुनी शिवण उसवली, मेणाचा दोरा दुहेरी घेतला, पाठीला ठेवणीतलं हिरवं कापड लावलं. शेवटी यंत्रात धरून तिन्ही बाजूंनी कडा कापल्या. एरवी अर्धं बोट कापतो. आज कोपरे फार दुमडलेले होते आणि साहेबांपुढं आपलं बाड नीटनेटकं जावं असं मनात होतं, म्हणून जवळजवळ बोटभर घेतलं. कडा अशी झाली, की हात फिरवावा तर लोण्यावरून फिरल्यासारखा.

सूनबाईला सांगितलं, तर म्हणाली, “मामंजी, माझ्या लग्नातसुद्धा मी एवढी सजले नव्हते.”

शुक्रवार, ५ एप्रिल

सूनबाईला नेलं.

मीच घेऊन गेलो होतो.

शनिवार, ६ एप्रिल

काल हात चालेना. आज लिहितो.

लेकाची पहिली पाळी होती, म्हणून हजेरीला मी बरोबर गेलो. ती दारात जराशी थबकली. म्हणाली, “मामंजी, आज नको जाऊ या का?” मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “चल ग, वेडे. साहेब स्वतः बोललेत.” हात धरला. हे लिहून ठेवलं पाहिजे.

कार्यालयात बाकावर बसून ती काज करत होती, कारखान्यातल्या कॉलरी बरोबर आणल्या होत्या. नाव आलं तेव्हा मेणाचा खडा माझ्या हातात दिला. “हे धरा, खिशात चिकटतं.” मी तिच्याबरोबर उठलो. खिडकीतला कारकून म्हणाला, “आपण कोण?”

“सासरा. हिची केस मोठ्या कोर्टात आहे. सरकारी वकिलांनी शब्द दिलाय.”

“कागद आहे?”

“शब्द आहे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता. माझ्या लेकाच्या वयाचा असेल. म्हणाला, “आजोबा, बाहेर बसा.”

दोन तास बसलो. मग फरशी पुसायला आलेल्या बाईनं हळूच सांगितलं, मागच्या फाटकातून गाडी गेली. मी मागं धावलो. म्हणजे आपलं जसं धावता येईल तसं. फाटकाला कुलूप होतं.

आज सकाळी तिला पुलावरून पलीकडे सोडलं. वकीलबाईंना दुपारी कळलं. मोठं कोर्ट शनिवार-रविवार बंद असतं.

सोमवार, ८ एप्रिल

वकीलबाईंनी दोन तारखेच्या हुकुमाची नक्कल काढून आणली. एक ओळ आहे. ‘दोन्ही बाजू ऐकल्या. पुढील तारीख तेवीस एप्रिल.’ बस. शब्द नाही, विश्वास नाही, काही नाही.

मी म्हटलं, “दुसरं पान असेल.”

“नाही काका.”

“मी पेन चालताना पाहिलं. एवढा वेळ. एका ओळीला एवढा वेळ लागतो?”

त्यांनी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, “मीच जोर लावायला हवा होता. मला वाटलं, साहेब चिडतील.” त्यांचे डोळे भरले. मी त्यांना पाणी दिलं. दोघं तिथं जिन्यावर बसलो. त्याच पायरीवर, जिथं तो गाठोडंवाला म्हातारा बसला होता.

घरी लेक माझ्याशी बोलत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ठकीची वेणी घालायला शिकतोय. वेणी एका बाजूला जाते. ती म्हणते, “आई सरळ घालते.”

सूनबाईला विहिरीत मीच उतरवलं आणि दोर सोडला. दोर होताच कुठं?

मंगळवार, ९ एप्रिल

सकाळी खळ शिजवताना एकदम डोक्यात वीज चमकली.

साहेबांनी लिहिलंच होतं. समासात! त्यांना समासात लिहायची सवयच आहे. फायलीवर पहिलाच जाड पिवळसर कागद असतो, तारखांचा. तोच त्यांच्या पुढ्यात होता. त्याच्या कडेला त्यांनी नोंद केली असणार, टंकलेखकाच्या नजरेतून ती सुटली, आणि दोन दिवसांनी मी बोटभर कडा कापली.

चूक कोर्टाची नाहीच. माझ्या पात्याची आहे.

हे लिहिलं आणि छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. मनुष्य काय प्राणी आहे! पोरीचं घर आपल्या हातून मोडलं म्हणून मी आज जरा नीट श्वास घेतला.

हिला सांगितलं. ती ताटं मांडत होती. म्हणाली, “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा.” मग माझ्या ताटात तिच्या ताटातलं वाढलं. का, ते कळलं नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

कडा कापल्यावर जे पडतं ते कात्रण आम्ही पोत्यात भरतो. रद्दीवाला महिनाअखेरीस नेतो, म्हणजे पोती अजून कोपऱ्यात आहेत. सहा पोती. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत एकेक उपसतोय. पांढरं बाजूला टाकायचं, जाड पिवळसर ठेवायचं. बोटं चिरली.

भोंगा डबा घेऊन खाली आला. मी काय करतोय ते ऐकलं, आणि काही न बोलता माझ्यासमोर मांडी घालून बसला. तोही निवडू लागला. एकदाच म्हणाला, “काका, पिवळ्या पट्ट्या निघतायत, पण सगळ्या कोऱ्या आहेत.”

“अजून दोन पोती आहेत.”

रविवार, १४ एप्रिल

पलीकडून फोन आला. कुणा दुकानदाराचा फोन मागून केला होता. कुठल्याशा शाळेच्या वर्गात झोपते, बाकं एका बाजूला लावून. तिची भाषा ऐकून तिथले लोक तिला म्हणतात, तू तर तिकडची!

लेक बोलला, ठकी बोलली. ठकीनं तिला दात पडल्याचं सांगितलं, मग फोन गालाला लावून नुसतीच बसून राहिली. शेवटी माझ्याकडे आला.

“मामंजी, जेवण जातं ना?”

“जातं.”

“कोर्टात कळलं का त्यांना, मला पाठवलंय ते?”

म्हटलं, “कळेल. तेवीसला कळेल. साहेबांनी लिहिलं होतं, पोरी. माझ्या हातून कापलं गेलं. मी शोधतोय.”

 मग अगदी हळू, लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, “बरं. बोटं सांभाळा.”

बहिणीकडे गेले असते तर, असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होतो, पण म्हणाली नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

सापडलं!

शेवटच्या पोत्याच्या तळाशी. जाड पिवळसर पट्टी, बोटभर रुंद, कडेला निळी शाई. साहेबांचीच शाई. तीन लांब रेघा, एका ठिकाणी येऊन मिळणाऱ्या, आणि त्यांच्यावर बारीक आडवे फटकारे. अक्षरं अर्धी कापली गेलीत म्हणून लागत नाहीत, पण घाईत लिहिलेल्या ओळीचं शेवटचं टोक दिसतं. मला तर शेवटी ‘नये’ असल्यासारखं वाटतं. ‘पाठवू नये.’

घरी आणून सगळ्यांना दाखवली. लेकानं हातात घेतली, उजेडात धरली, आणि परत माझ्या हातात ठेवली. गेल्या चौदा दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलला. “बाबा, जेवून घ्या.”

ठकी माझ्या मांडीवर चढून बघत होती. म्हणाली, “आजोबा, ही चिमणीची शेपटी आहे.”

लेकरू ते. त्याला काय कळणार अक्षर.

मंगळवार, २३ एप्रिल

पट्टी पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात नेली होती. नंबर चार.

साहेब म्हणाले, “अर्जदार कुठं आहेत?” सरकारी वकील म्हणाले, “सीमेपलीकडे, साहेब. कायद्याप्रमाणे कारवाई झालेली आहे.”

वकीलबाई म्हणाल्या, “साहेब, यांनी आपल्यासमोर शब्द दिला होता.” सरकारी वकील म्हणाले, “माझ्या खात्यापर्यंत तो पोचायला हुकुमात काही हवं ना?”

साहेबांनी पानं उलटली. माझं बाड त्यांच्या हातात किती सहज उघडत होतं. म्हणाले, “हुकुमात तसं काही दिसत नाही.” चेहरा खरंच पडलेला होता, खोटं कशाला बोलू. म्हणाले, “घडलं ते खेदाचं आहे. पण बाई आता देशातच नाहीत, तर मग या अर्जात उरलं काय?” आणि निकाली काढला. वरातीमागून घोडं, तेही लंगडं.

मी उभा राहिलो होतो. खिशात हात होता. तोंडातून शब्द फुटायच्या आत भोंगा दारातून आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. तीन मजले हलवणारा माणूस माझ्या कानात कुजबुजला, “नका काढू, काका. हसतील हो.” आणि लगेच सरळ होऊन त्यानं पुढचं नाव पुकारलं.

शुक्रवार, २६ एप्रिल

बाड खाली आलं. निकाली निघालेली फाईल कायमची जतन करायची असते, तिला शेवटची शिवण आम्हीच घालतो. आमच्या खोलीच्या साहेबांनी विचारलं, “दुसऱ्या कुणाला देऊ का?” म्हटलं, “नको.”

आज वाचलं. घरचं असूनही वाचलं. नुसतं वळणावरचं नाही, पहिल्या ओळीपासून. तिच्या वडिलांचं नाव, पुराची तारीख, ठकीचा दाखला. दोन एप्रिलचा हुकूमही वाचला. एक ओळ. चार एप्रिलला, माझ्या हातात होता तेव्हा, वाचला असता तर पाच तारखेला तिला डोंगराकडे बसवून दिलं असतं. मी सचोटी पाळली.

मग पहिला पिवळसर कागद काढला. तारखांचा. दोन एप्रिलच्या रकान्याशेजारी, समासाला अगदी चिकटून, एक चिमणी आहे. फांदीवर बसलेली. डोळा, चोच, छातीवरची पिसं, एकेक पीस वेगळं. फार वेळ घेऊन काढलेली. फक्त तिला शेपटी नाही. जिथं शेपटी हवी तिथं माझी कड येते, लोण्यासारखी.

मी पाकिटातली पट्टी काढून शेजारी ठेवली. तीन रेघांना तीन रेघा मिळाल्या. एकेचाळीस वर्षं सांधे जुळवतोय. इतका बिनचूक जुळलेला पाहिला नव्हता.

 मग खळ घेतली, मागून पातळ कागदाची चिंधी लावली, आणि पट्टी जागेवर चिकटवली. जतन करायचा कागद पुरा असला पाहिजे. दोऱ्याला मेण लावलं, खडा तिच्याच अंगठ्याच्या खाचेचा. शिवण घातली. या वेळी कडा कापल्या नाहीत.

वर येताना जिन्याशी एक बाई कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. म्हणाली, “आजोबा, इथं न्याय मिळतो ना?” माझं नेहमीचं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. मी तिच्या पिशवीचा तुटलेला बंद तेवढा बांधून दिला.

घरी ठकी दारातच होती. वेणी आज बरीच सरळ होती. म्हणाली, “आजोबा, बाकीची चिमणी सापडली?”

“सापडली.”

“कुठं होती?”

“तिथंच होती, बाळ. पहिल्यापासून तिथंच बसलेली होती.”